सूपभर कोंड्याची लेक

"कोंडाबाई, दुख्तर बलभीम, म्हंजी बलभीमची लेक. कुठं हाय पोर?" खाजामियाँनं दारातनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडात मिश्री होती, म्हणून मला लगोलग बोलता आलं न्हाय. बरंच झालं म्हणा. बोलले असते तर 'शेजारी इचारा' असं निघून गेलं असतं, अन् साडेतीन वर्षांत ते मी एकदाबी कुणाला म्हटलं न्हवतं. खाजामियाँ म्हणजे आमच्या धाराशिवातला देवी टोचणारा. सरकारी माणूस, पण गल्लीतल्यासारखा; त्याची पेटी दिसली की बाया लेकरं कणगीमागं दडवायच्या आणि वर त्यालाच पाणी विचारायच्या. ह्या खेपेला पेटी न्हवती, नुसती यादी होती, उर्दूतली, आणि तिच्यातल्या एका ओळीवर त्याचं बोट टेकलेलं होतं. "बाईजी, साथ आलीय गावात. लेकरं मोजायला निघालोय. ज्याच्या नावावर लेकरू लिवलंय त्यानं ते दाखवायचं. गावाला गेलं असलं तर कुठं ते सांगायचं. हरवलं असलं, न्हायतर अल्ला न करो, गेलं असलं, तर कचेरीत वर्दी द्यायची. वर्दी न्हाय दिली तर खटला. नवा हुकूम हाय." मी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि जे मला सांगण्यात आलं होतं तेच त्याला सांगितलं, "लोहाऱ्याला गेलीय. मामाकडं." खाजामियाँनं यादीवरनं मान वर केली. "तुमचा भाऊ तर नळदुर्गाला ना, बाईजी?" म्हणाला. झालं! मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली, माझ्या ओळीपुढं एक टिंब दिलं आणि "परवा येतो" म्हणून पुढच्या दाराला गेला. ते टिंब माझ्या छातीवरच दिल्यागत वाटलं मला.

मी वांझ. सांगून टाकते, न्हायतर तुम्ही उगंच मनात आकडेमोड करत बसाल. आमच्या मालकांनी, म्हणजे बलभीमनं, त्यापायी मला कधी टाकून बोललं न्हाय, दुसरीबी केली न्हाय; ते कचेरीत चपराशी, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घरी आले की त्यांना फक्त गप बसायचं असायचं. आणि शेजारची शिवकांता, भिंतीला भिंत, तिला लेकरं व्हायची पण टिकायची न्हाईत. तीन झाली, तीन सटवीनं नेली. चौथ्या खेपेला लेक झाली तेव्हा दुधानं तोंड पोळलेली ती बाई पाचवीच्या आतच माझ्या दारात माणूस धाडून मोकळी झाली. आमच्याकडं रीतच आहे ती. लेकरू जगत नसलं की ते दुसरीला इकायचं, धान्याला न्हाय, कोंड्याला. म्हणजे सटवी आली तर तिला कळावं की ह्या घरात काही मोलाचं न्हाय. मी सूपभर कोंडा घेऊन गेले. शिवकांतानं तो पदरात घेतला आणि लेक माझ्या हातात दिली. सूप परत दिलं आणि मग लेकबी परत पाजायला घेतली. तेवढ्यात पोरीचं नाव पडलं, कोंडाबाई. त्या दिवसापास्नं शिवकांता तिला राखणारी आणि मी तिची मालकीण. पाच वर्षं पुरी झाली की तिनं मला साडीचोळी करून लेक परत घ्यायची, असा करार. तोवर तिनं पोरीला 'माझी' म्हणायचं न्हाय. म्हटली न्हायबी कधी. पैदाइशी, म्हणजे जन्म, लिहायला कचेरीतला माणूस गल्लीत आला तेव्हा तिनं दाराआडनं सांगितलं, "माझी न्हाय जी. सारजाबाईची हाय, पल्याडच्या." त्यानं लिहिलं. आमच्या मालकांना ते महिन्यानं कचेरीतच कळलं, तणतणत आले, "अगं, ही का पोरखेळ हाय? सरकारी कागद हाय तो! उद्या बदलून घेतो." मी म्हटलं, राहू द्या, रीत मोडंल, पाच वर्षांनी बघू. आता खरं सांगते, रीतबीत काही न्हाय. मला ते लिहिलेलं आवडलं होतं. मला वाचता येत न्हाय, उर्दू तर न्हायच न्हाय, पण कुठंतरी एका कागदावर मी आई आहे, एवढं मला पुरत होतं. आणि कोंडी मला आई म्हणायची. शिवकांताला अक्का. शिवकांता तिला जेवू घालायची, न्हाऊ घालायची, तिचा शेंबूड पुसायची, आणि पोरगी हात पुसून माझ्याकडं पळत यायची, आई, आई करत. तेव्हा मी शिवकांताच्या तोंडाकडं बघायची न्हाय. बघितलं असतं तर मला ते सुख धडपणानं घेता आलं नसतं.

तर खाजामियाँ गेला आणि मी भाकरी थापायला बसले, थापता थापता सगळं आठवत गेले. पौषात मी नळदुर्गाला गेले होते, भावाकडं, खंडोबाची जत्रा. सहा दिवस राहिले. येताना कोंडीसाठी चार बांगड्या आणल्या, हिरव्या, मनगटाएवढ्याच जेमतेम. आले ती तशीच शिवकांताच्या दारात गेले तर ती चुलीम्होरं बसलेली. चूल पेटलेली न्हवती. "कोंडी?" म्हटलं. "लोहाऱ्याला गेली, सारजाक्का. भाऊ आलता, त्याच्यासंग." माझ्याकडं न बघताच म्हणाली. मला राग आला. दुसरं काही मनात आलं न्हाय, आधी रागच. मालकीण मी, आणि मला न इचारता लेकरू गावाला? मी बांगड्या दाखवल्याबी न्हाईत. घरी येऊन कोनाड्यात ठेवल्या आणि मनात म्हटलं, वा गं वा शिवकांते! पोरगी मला आई म्हणते ते तुला बघवंना झालं. दीड वर्ष उरलं, तेवढंबी तुला दम न्हाय. दोन महिने मामाकडं ठेवायची, मला विसरवायची, मग आणायची आणि 'अक्का'ची हळूच 'आई' करून घ्यायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं न्हाय. मी स्वतः त्या पोरीला रोज थोडी थोडी चोरत होते, म्हणून मला तिचाबी चोरीचाच संशय आला.

नऊ दिवस मी तिच्याशी नीट बोलले न्हाय. पण कान भिंतीला. ती भिंत मातीची, आणि भाकरीच्या तव्यामागं एका जागी पोपडा गेलेला. तिथं कान लावला की पल्याडचा हंडा कुठं ठेवला तेबी कळतं. शिवकांता एकटीच होती घरात. तिचा नवरा महारुद्र, गाडीवान, सोलापूरकडं माल घेऊन गेलेला. एरवी भिंतीतनं कोंडीचं एक गाणं यायचं, गाणं म्हणजे काय, एकच शब्द शंभरदा. ते न्हवतं. पण रडणं बी न्हवतं. मी रोज वाट बघायची, रडती का ते ऐकायची. न्हाय. एक उसासा न्हाय. मग माझा संशय आणखीनच वाढला. लेकरू खरंच मामाकडं गेलं असलं तर एकदा तरी आठवण काढून बाई नाक शिंकरंल का न्हाय? दोरीवर कोंडीचं दुपटं न्हवतं. बरं, नेलं असंल संगं. पण तिचं परकर-पोलकं, दोन्ही जोड, खुंटीवरच होते, मी दारातनं बघितलं. पौषाच्या थंडीत पोरगी उघडी धाडली का काय? आणि एकदा आडावर तिला चिंच चोखताना बघितलं. कच्ची, आंबट ढाण. माझ्याकडं बघितलं आणि चटकन पदराआड केली. मी म्हटलं, बघा, लेकरू घरात न्हाय अन् बाईच्या जिभेला चोचले सुटलेत! अशी होते मी. आज आठवलं की माझंच तोंड मला नकोसं होतं.

खाजामियाँ येऊन गेल्यावर मात्र राग गेला आणि भ्या आलं. कागद आठवला. संध्याकाळी मालक आले, त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्याचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "पोरगी लोहाऱ्याला हाय ना, मग आणून दाखवा म्हणाव तिला. झालं." मी म्हटलं, "अन् नसली तर?" ते म्हणाले, "नसली म्हंजी?" मी ताट पुढं सरकवलं. "सारजा," ते म्हणाले, "नसली तर आपली गच्छंती. नोकरी माझी जाईल. कचेरीतला चपराशी अन् त्याच्याच नावावरलं लेकरू बेपत्ता." मग जेवले, आणि हात धुताना मध्येच म्हणाले, "ती माझा फेटा घालून बसायची, ह्या उंबऱ्यात." मला ते कधी दिसलंच न्हवतं. मला वाटायचं, पोरगी फक्त माझीच आहे.

दुसरा दिवस आठवडी बाजाराचा. लोहाऱ्याहून नीलम्मा पानं घेऊन येते, शिवकांताचं माहेर तिच्या दारासमोरच. मी पानं घेता घेता सहज इचारल्यागत केलं, "शिवकांताचा भाऊ बरा हाय का गं? हितं येऊन गेला म्हणं." नीलम्मा हसलीच. "कवा? अवो, त्यो दिवाळीपास्नं खाटल्यावर हाय. बैलानं पाय मोडलाय त्येचा. परसाकडं जायला दोघं लागत्यात, हितं कुठला येतोय!" मी पानं तिथंच विसरले. नीलम्मा मागनं हाका मारत होती.

तिथनं मी घरी जायला पायजे होतं. शिवकांताच्या दारात जायला पायजे होतं, तिचा हात धरून इचारायला पायजे होतं. मी कचेरीकडं निघाले. मला भ्या होतं, व्हय. मालकांच्या नोकरीचं होतं, खटल्याचं होतं. पण पाय भ्यानं नव्हते उचलत. त्यांच्यात राग होता. तिनं मला फसवलं, माझ्या लेकीला कुठंतरी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या गावाला? आता पोलिसांचे जवान येऊ देत तिच्या दारात, म्हणजे मुकाट आणून उभी करंल पोरीला. वर्दी देणं माझं कामच आहे, असं मी वाटभर मनाशी घोकत होते. हुकूमच आहे, ज्याच्या नावावर लेकरू त्यानं. कायद्यानं मी आई. कायद्यानं! त्या शब्दाची मला केवढी गोडी लागली होती, हे मला वाटेतसुद्धा कळत होतं, आणि कळूनबी मी चालतच होते.

पैदाइश-मौतीचं दप्तर हनीफ मुन्शीकडं. म्हातारा, सुपारी कातरत बसलेला. मालक दाराशी स्टुलावर होते, मला बघून उठलेच. मी त्यांच्याकडं न बघता मुन्शीजींना म्हटलं, "वर्दी द्यायचीय. माझी लेक हरवलीय." मुन्शीनं अडकित्ता खाली ठेवला. नाव इचारलं, उमर इचारली, आईचं नाव इचारलं. मी सांगितलं. जुनं दप्तर काढून त्यानं ताडून बघितलं आणि मान हलवली, "बराबर. सारजाबाई, जौजा बलभीम. बलभीमची बायको." मला तेवढ्यातबी बरं वाटलं. मग इचारलं, "शेवटी कुणाजवळ होती?" मी शिवकांताचं नाव घेतलं. "कधीपास्नं गुम हाय?" मी बोटं मोजली. नळदुर्गाला गेलेली मोजली, आलेली मोजली. मुन्शी चष्म्यावरनं बघायला लागला. "एवढे दिवस आई काय करत होती, बाई?" जवान शिवकांताला आणायला गेला. मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काय करून बसलीस तू हे?"

शिवकांता आली ती भिंतीच्या कडंकडंनं, डोईवर पदर, चालताना एक हात पोटावर. तेव्हा मला दिसलं. मी बाई असून मला तेव्हा दिसलं. चिंच आठवली. मुन्शीनं इचारलं, "बाई, बलभीमची लेक तुझ्याकडं व्हती. कुठं हाय ती?" शिवकांतानं मुन्शीकडं बघितलं न्हाय, जवानाकडं न्हाय. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात जोडले. मला म्हणाली, "सारजाक्का, तुमची लेक गेली." मग म्हणाली, "तुमी माझ्यापाशी राखायला ठिवली व्हती. म्या राखली न्हाय. तुमी जत्रंत व्हता, तिसऱ्या दिशी साथीनं गळा धरला तिचा, धाप लागली, चौथ्या दिशी पहाटं गेली. ह्यांनी अन् म्या भोगावती नदीच्या कडंला ठिवली, दुपट्यात. ह्ये तसंच गाडी जुपून गेले, त्यास्नी घरात बसवंना." ती रडत न्हवती. तोंड कोरडं ठाक. मला काही समजंना, मी येड्यागत इचारलं, "मला का न्हाय सांगितलंस गं?" तर म्हणाली, "तुमी रडला असता. तुमी रडला असता तर मलाबी फुटलं असतं. अन् हे हाय पोटात. जी माझी न्हवतीच तिच्यासाठी म्या कशी रडू? सटवीनं आयकलं तर तिला कळंल की माझीच व्हती ती. मग ह्येच्याकडं बघंल ती." बारा दिवस. बारा दिवस ती भिंतीच्या पल्याड तोंडात पदर कोंबून बसली होती आणि मी जत्रंतनं आल्यापास्नं अल्याड कान लावून तिची चोरी पकडायला बसले होते.

मुन्शीनं लिहिलेलं खोडलं. 'गुम' खोडून 'फौत', म्हणजे मयत, लिहिलं, हे त्यानंच आम्हाला वाचून सांगितलं. मग टाक खाली ठेवला. वाईट माणूस न्हवता तो. "बघा," म्हणाला, "बेवर्दी दफन केलं, बारा दिवस दडवलं. गुन्हा आईबापावर लागतो. दप्तरात आई सारजाबाई हाय. पन मला दिसतंय ना, माझ्याबी घरात बायामाणसं हायेत. हे दप्तर चुकीचं असलं तर आता बोला. खरी आई कोण ते सांगा, मी दुरुस्त करतो. मग गुन्हा तिच्यावर." शिवकांता खाली बघत होती. मला वाटलं, ती बोलंल. मला आतून वाटत होतं की तिनं बोलावं, एकदा तरी म्हणावं, 'माझी'. आणि तेवढंच भ्याबी वाटत होतं की म्हणंल. ती न्हाय बोलली. तिचा हात पोटावरनं हलला न्हाय. मी मालकांकडं बघितलं. त्यांची नोकरी होती, वीस वर्षांची. ते पुढं आले, फेटा नीट केला आणि मुन्शीला म्हणाले, "आमचीच लेक व्हती जी. दप्तर बराबर हाय." मी डावा अंगठा पुढं केला. मुन्शीनं शाई लावली, जिथं दाबायचा तिथं दाबून घेतला. लेक झाली तेव्हा माझा अंगठा कुणी मागितला न्हवता. गेली तेव्हा मागितला. आता त्या कागदावर मी पक्की आई होते, आणि मी आयुष्यात कधी एवढी भिकारी झाले न्हवते.

मालकांना कामावरनं काढलं न्हाय, पण निकाल लागंस्तोवर घरी बसा म्हणाले. त्यांनी पट्टा काढून मुन्शीच्या मेजावर ठेवला आणि पुढं चालायला लागले. आम्ही दोघी मागनं. दर्ग्याच्या वळणावर शिवकांता म्हणाली, "सारजाक्का, ह्येलाबी इकत घ्याल का?" मला आधी तिरमिरीच आली. म्हणजे मरण माझ्या दारात पाठवायचं, आणि जगलं तर तुझं! तोंडापर्यंत आलं होतं. पण मी तिच्याकडं बघितलं. ती उत्तराची वाट बघत न्हवती, ती नुसती कशाला तरी धरून चालत होती, आणि ते मी होते. म्हटलं, "कोंडा घरात हाय. आधी कोंडीसाठी तर रडू दे मला."

घरी आले, कोनाड्यातल्या बांगड्या मुठीत घेतल्या, त्या पोपडा गेलेल्या जागी भिंतीला पाठ लावून बसले आणि गळा काढला. मला रडायचा हक्क होता, रीतीनंबी आणि कागदानंबी, म्हणून मी मोठ्यांदा रडले, गल्लीला ऐकू जाईल असं. बाया गोळा झाल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "कोंड्याला घेतलेलं लेकरू, त्येच्यासाठी एवढं?" मी आणखी मोठ्यांदा रडले. कोंडे, माझे बाय, म्हणत होते, नाव घेऊन घेऊन. मध्येच दम लागला, श्वास घ्यायला थांबले. तेवढ्या फटीत भिंतीतनं, माझ्या पाठीलाच लागून, पल्याडनं बारीक आवाज आला, "माझी... माझी बाय गं..." पुढ्यातल्या एका बाईनं मान वळवली. तिला नीट ऐकू यायच्या आत मी परत सुरू केलं, आधीपेक्षा वरच्या आवाजात. त्यानंतर दिवस मावळंस्तोवर मी श्वास घ्यायला बी थांबले न्हाय.